उशिरा आलेल्या तोफा

दुसऱ्या महायुद्धातील जपानचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहतात ती विमाने आणि विमानवाहू जहाजे. पर्ल हार्बरवरील हल्ला, सिंगापूरचा पाडाव, पॅसिफिक महासागरातील आरमारी लढाया यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जपानच्या रणगाड्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. आणि शत्रूचे रणगाडे फोडण्यासाठी जपानने ज्या तोफा पोलादी पट्ट्यांच्या गाड्यांवर चढविल्या, त्यांची तर नावेही फारशी कोणाला ठाऊक नसतात. याचे कारण उघड आहे. या तोफा संख्येने थोड्या होत्या, उशिरा आल्या, आणि त्यांनी कोणत्याही लढाईचा निकाल फिरविला नाही. तरीसुद्धा त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. विजयाच्या कथेतून माणूस जे शिकतो त्याहून अधिक काही अशा अयशस्वी उद्योगाच्या कथेत सापडते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम, ही वस्तू काय असते ते पाहू. मैदानी तोफ पूर्वी घोडे ओढीत, पुढे मोटारी ओढू लागल्या. मुक्कामी पोचल्यावर तोफ सोडवायची, तोंड फिरवायचे, पाय जमिनीत रोवायचे आणि मग डागायची. शत्रूचे पायदळ समोर असेल तोवर हे सारे ठीक होते. तासाला तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने रणगाडा अंगावर येऊ लागला की इतका अवकाश राहत नाही. म्हणून तोफ मोटारीमागे न बांधता मोटारीवरच बसवावी, ही कल्पना निघाली. रणगाड्याचा फिरता घुमट काढून टाकायचा, त्या जागी मोठी तोफ ठेवायची आणि तिच्यापुढे जाड पत्र्याची ढाल उभी करायची. घुमटाच्या कड्याचा व्यास बेताचा असल्यामुळे त्यात लहान तोफच मावते. घुमट गेला की त्याच गाडीवर दुप्पट सामर्थ्याची तोफ बसू शकते. तोटाही आहे. नेम धरण्यासाठी बहुधा सारी गाडीच वळवावी लागते, आणि माथा उघडा असला तर वरून पडणाऱ्या गोळ्याच्या कपच्यांपासून माणसांना संरक्षण नसते. पण हे शस्त्र स्वस्त पडते आणि लवकर तयार होते. जर्मनीने या जातीच्या तोफगाड्यांपैकी एकट्या 'श्टुग-तीन' या प्रकारच्या सुमारे दहा हजार गाड्या युद्धकाळात बनविल्या. या प्रकाराला आपण स्वयंवाही तोफ म्हणू.

ज्या देशापाशी पोलाद कमी आणि कारखाने मोजके, त्या देशाला हे शस्त्र विशेष सोयीचे, असे कोणीही म्हणेल. जपान हा तसाच देश होता. मग जपानला या तोफा वेळेवर आणि पुरेशा संख्येने का मिळाल्या नाहीत? आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे.

या तोफांच्या नावांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत; नाही तर पुढची नावे कानाला मंत्रासारखी वाटतील. जपानी सैन्य शस्त्राला त्याच्या वर्षाचा आकडा देई, आणि ते वर्ष त्यांच्या सम्राटपरंपरेच्या शकाचे असे. इसवी सन १९३७ म्हणजे त्या शकाचे २५९७. म्हणून त्या वर्षीचा रणगाडा 'सत्त्याण्णव'. १९४१ म्हणजे २६०१. म्हणून त्या वर्षाची तोफ नुसती 'एक'. याखेरीज प्रत्येक आराखड्याला दोन अक्षरी नाव असे. 'ची' म्हणजे मध्यम रणगाडा, 'हो' म्हणजे तोफगाडी, आणि दुसरे अक्षर क्रमांकाचे. हा क्रमांक जपानी लोक 'इ, रो, हा, नी, हो' अशा जुन्या अक्षरक्रमाने देत. आपण क, ख, ग म्हणतो तसेच हे. पण हा अक्षरक्रम आला आहे एका प्राचीन कवितेतून, जिच्यात त्या काळचे प्रत्येक अक्षर एकदाच येते. परंपरा तिचे कर्तृत्व कूकाई या बौद्ध आचार्याकडे देते. विद्वानांना ते मान्य नाही. कवितेचा आशय मात्र निःसंशय बौद्ध आहे: जे जे घडले ते ते लयाला जाणार, या अनित्यतेचे ते चिंतन आहे. तोफांची मोजदाद अशा कवितेच्या अक्षरांनी व्हावी, हा योगायोग मनात राहून जातो.

जपानला रणगाडा बनविता येत नव्हता, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ब्रिटिश व फ्रेंच रणगाडे विकत घेऊन अभ्यासले, आणि १९२७ साली ओसाका येथील शस्त्रागारात आपला पहिला रणगाडा स्वतः तयार केला. या कामातील हारा तोमिओ हा तरुण अधिकारी पुढे जपानच्या रणगाड्यांचा प्रमुख शिल्पकार झाला. रणगाड्याला डिझेल एंजिन बसविण्याच्या बाबतीत तर जपान जगातील पहिल्या काही देशांत होता. अडचण कौशल्याची नव्हती. रणगाडा कशासाठी, याविषयीच्या धारणेची होती. सेनाधिकाऱ्यांच्या मते रणगाडा हा पायदळाचा सेवक होता. पायदळापुढे चालावे, मशीनगनची ठाणी मोडावीत, आणि आटोपावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. चीनमधील लढाईत समोर रणगाडे फारसे नव्हतेच. त्यामुळे ही अपेक्षा खरी वाटत राहिली.

१९३७ साली नवा मध्यम रणगाडा निवडायचा होता तेव्हा दोन नमुने समोर आले. मित्सुबिशीचा 'ची-हा' वजनदार आणि महाग होता; ओसाका शस्त्रागाराचा 'ची-नी' हलका आणि स्वस्त. वरिष्ठांचा कल स्वस्ताकडे होता. इतक्यात जुलै १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटले, पैशाचा हात सैल झाला, आणि 'ची-हा' पसंत पडला. पंधरा टनांच्या या रणगाड्याचा जाडांत जाड पत्रा पंचवीस मिलिमीटर होता. तोफ सत्तावन्न मिलिमीटरची, म्हणजे तोंडाने चांगली रुंद, पण नळी आखूड. तिच्या गोळ्याचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास. मातीची ठाणी उडविण्यास ती पुरेशी होती, पण पोलाद फोडण्यास नव्हती.

हा फरक पुढे दोनच वर्षांत मोठी किंमत देऊन कळला. १९३९ च्या उन्हाळ्यात मांचुरिया आणि मंगोलिया यांच्या सीमेवर, खालखिन नदीच्या काठी, जपान आणि सोविएत रशिया यांच्यात युद्ध जुंपले. जपानी त्याला नोमोनहानची लढाई म्हणतात. जुलैच्या आरंभी जनरल यासुओका यांच्या हाताखाली दोन रेजिमेंटांचे सत्तरांहून अधिक रणगाडे चढाईला निघाले. दोन जुलैच्या रात्री विजांच्या कडकडाटात चौथ्या रेजिमेंटने केलेला हल्ला चांगला साधला. दुसऱ्या दिवशी उजेडी तिसरी रेजिमेंट सोविएत तोफांसमोर उघड्यावर सापडली. सोविएत तोफ पंचेचाळीस मिलिमीटरची, म्हणजे तोंडाने जपानी तोफेहून लहान. पण तिची नळी लांब, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरांहून अधिक. जपानी पत्रा तिच्यापुढे टिकला नाही. त्यातच सोविएत सैनिकांनी गवतात पसरलेल्या बारीक पोलादी तारा पट्ट्यांत गुंतून रणगाडे जागच्या जागी अडकले. तिसऱ्या रेजिमेंटचे प्रमुख योशिमारू तेथेच पडले. काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास रणगाडे निकामी झाले, आणि उरलेले परत बोलावण्यात आले.

येथे आपल्या विषयाला खरा आरंभ होतो. रणगाडा फोडायला वेगवान गोळ्याची तोफ हवी, हे जपानी अभियंत्यांना आधीच दिसत होते. नोमोनहानने ते रक्ताने लिहून दिले. तशी तोफ जपानपाशी तयारही होती. 'नव्वद' या नावाची पंचाहत्तर मिलिमीटरची मैदानी तोफ १९३० सालापासून सैन्यात होती. ती फ्रान्सच्या श्नायडर कारखान्याच्या धर्तीवर बनलेली असून तिच्या गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे सहाशे ऐंशी मीटर होता. ही तोफ 'ची-हा'च्या गाडीवर बसवावी, असा विचार १९३९ मध्येच सुरू झाला. १९४१ साली नमुना तयार झाला. समोर पन्नास मिलिमीटर जाडीची ढाल, दोन्ही बाजूंस आडोसा, माथा आणि पाठ उघडी, पाच माणसांचा ताफा, वजन पंधरा टनांहून किंचित अधिक. हीच 'हो-नी'. पुढे १९४३-४४ मध्ये पॅसिफिकमध्ये जे अमेरिकन शर्मन रणगाडे उतरले, त्यांना घायाळ करू शकेल अशी ही तोफगाडी पर्ल हार्बरच्या पूर्वीच कागदावर आणि मैदानावर सिद्ध झाली होती. पण तिला पहिली मोठी लढाई लाभली ती १९४५ साली, फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावर. नमुना आणि रणांगण यांच्यामध्ये चार वर्षे गेली.

ही चार वर्षे कोठे गेली? सरकारी कामकाजाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना याचे उत्तर ऐकून फारसे नवल वाटणार नाही. पहिला अडथळा होता तो, ही वस्तू कोणाची, हा. तोफखान्याचे अधिकारी म्हणत, ती चालती तोफ आहे, म्हणून आमची; माथा उघडा असला तरी चालेल, कारण आम्ही ती मागे ठेवून लांबून डागणार. रणगाडा दलाचे अधिकारी म्हणत, रणगाड्यांबरोबर पुढे जायचे तर चारी बाजूंनी चिलखत हवे, घुमटही हवा. म्हणून आम्हांला निराळी तोफगाडी द्या. परिणामी एकाच गरजेपोटी दोन निराळ्या वस्तूंचे आराखडे चालू झाले: तोफखान्यासाठी 'स्वयंवाही तोफ' आणि रणगाडा दलासाठी 'तोफ-रणगाडा'. दुसऱ्या जातीच्या 'हो-इ' या गाडीत घुमट होता, पण तोफ आखूड नळीची, शत्रूची ठाणी दाबून धरण्यापुरती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. कारखाना मात्र एकच होता, आणि पोलादही एकच.

वरून निर्णय व्हावा अशी संधी एकदा आली होती. डिसेंबर १९४० मध्ये जनरल यामाशिता तोमोयुकी यांच्या नेतृत्वाखाली एक लष्करी मंडळ जर्मनी आणि इटलीच्या पाहणीस गेले. सुमारे सहा महिने हिंडून ते परतले. सैन्याचे यांत्रिकीकरण, मध्यम रणगाड्यांची वाढ, विमानदलाची सुधारणा या गोष्टी पुऱ्या झाल्यावाचून मोठ्या युद्धात पडू नये, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. त्याच सुमारास, एप्रिल १९४१ मध्ये, घोडदळ आणि रणगाडे एकत्र करून यांत्रिक दलाचे स्वतंत्र मुख्यालय स्थापन झाले. पुढच्या वर्षी तीन रणगाडा डिव्हिजनाही उभ्या राहिल्या. कागदावर सारे योग्य दिशेने चालले होते. पण अहवाल आला १९४१ च्या मध्यास, आणि डिसेंबरात युद्ध सुरू झाले.

मग झाले ते उलटेच. युद्धाने सुधारणेची निकड भासविण्याऐवजी ती विसरायला लावली. ७ जानेवारी १९४२ रोजी मलायात स्लिम नदीपाशी शिमादा या अधिकाऱ्याच्या तुकडीने वीसेक रणगाडे घेऊन पहाटेच्या अंधारात रस्त्यानेच मुसंडी मारली. समोर अकरावी हिंदी डिव्हिजन होती. सतत माघार घेऊन थकलेली, रणगाडे नसलेली, रणगाडाविरोधी साधने तुटपुंजी असलेली. काही तासांत जपानी रणगाडे सुमारे तीस किलोमीटर आत घुसले, पूल हाती आले, आणि ती डिव्हिजन लढाऊ दल म्हणून उरली नाही. आपल्या सैनिकांच्या दृष्टीने तो अतिशय दुःखद दिवस होता. पण जपानच्या दृष्टीनेही त्या विजयात एक दंश होता. ज्या 'सत्त्याण्णव' रणगाड्यांचे नोमोनहानला हसे झाले तेच मलायात विजयी ठरले. मग नव्या तोफांची घाई कोणाला वाटणार? समोर रणगाडाच नसता आपला रणगाडा कसाही असला तरी चालतो, एवढाच त्या विजयाचा अर्थ होता. तो त्या वेळी कोणी लावला नाही.

लवकरच पोलादाची वाटणी सुरू झाली. जपानचे पोलादाचे उत्पादन युद्धकाळात वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टनांच्या घरात राहिले. अमेरिकेचे आठ कोटींच्या आसपास गेले. या तुटपुंज्या पोलादावर पहिला हक्क आरमाराचा आणि व्यापारी जहाजांचा, मग विमानांचा, रणगाडे शेवटी. बेटांवरच्या युद्धात जहाजे आणि विमाने आधी, हे तर्काला धरूनच होते, आणि त्याला निव्वळ मूर्खपणा म्हणता येणार नाही. पण परिणाम व्हायचा तो झाला. १९४२ साली जपानने अकराशेहून अधिक रणगाडे बनविले होते. १९४४ साली हा आकडा चारशेच्या आसपास उतरला. स्वयंवाही तोफांचे नाव तर यादीच्या अगदी तळाशी. 'हो-नी'च्या पहिल्या प्रकाराच्या सव्वीस गाड्या झाल्या, एकशे पाच मिलिमीटर हॉविट्झर बसविलेल्या दुसऱ्या प्रकाराच्या चोपन्न. चारी बाजूंनी बंद असा तिसरा प्रकार १९४४ मध्ये निघाला. तोही काही डझनांपुरताच. तिन्ही मिळून संख्या सव्वाशेच्या फारशी पलीकडे गेली नाही. अमेरिकेने शर्मन रणगाडे सुमारे पन्नास हजार बनविले, हे येथे लक्षात घ्यावे.

याचा परिणाम काय होतो हे आपल्याच देशाच्या भूमीवर दिसले. १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळच्या उत्तरेस नुंगशिगुम नावाच्या उभ्या टेकडीवर जपानी पायदळ ठाण मांडून बसले होते. दुर्गम डोंगर ओलांडून यायचे म्हणून त्यांनी जड तोफा मागेच ठेवल्या होत्या. इतक्या उभ्या चढणीवर रणगाडा चढेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. पण कॅराबिनियर्स पथकाचे ली जातीचे रणगाडे अगदी मंद गतीने धारेवर चढले, आणि त्यांच्याबरोबर डोग्रा पलटणीचे जवान. जपान्यांपाशी रणगाड्याला थोपवील अशी तोफ नव्हती. होती ती रायफल, मशीनगन आणि विलक्षण धैर्य. डोके बाहेर काढून रणगाडा हाकणारे ब्रिटिश अधिकारी एकामागून एक पडले. शेवटी रणगाड्यांचे नेतृत्व सार्जंट-मेजर क्रॅडक यांनी, आणि डोग्रांचे सुभेदार रणबीर सिंग यांनी केले. टेकडी हाती आली. स्लिम नदीवर ज्या उणिवेने हिंदी सैनिक मारले गेले, त्याच उणिवेने दोन वर्षांनी नुंगशिगुमवर जपानी सैनिक मारले गेले. शस्त्राची वाण कोणत्याही एका बाजूची नसते.

जून १९४४ मध्ये सायपान बेटावर जपानच्या नवव्या रणगाडा रेजिमेंटने रात्री मोठा प्रतिहल्ला केला. अमेरिकनांनी प्रकाशगोळ्यांनी आकाश उजळून टाकले आणि रणगाडे एकेक करून टिपले. आता मात्र टोकियोत धावपळ सुरू झाली. हाताशी जे होते ते जोडून नवी तोफगाडी बनविण्यात आली; तिचे नाव 'हो-रो'. तिच्यावर बसविली होती दीडशे मिलिमीटरची 'अडतीस' ही हॉविट्झर. हा आकडा ऐकून फसू नये. पूर्वी जपान सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष मोजी, आणि ते अडतिसावे वर्ष म्हणजे इसवी सन १९०५. रुसो-जपानी युद्धाच्या काळातील, क्रुपच्या नमुन्यावरची, वापरातून गेलेली ही तोफ १९३७ च्या रणगाड्यावर बसवून १९४४ च्या शत्रूसमोर पाठविण्यात आली. अशाही गाड्या मोजक्याच झाल्या.

तयार झालेल्या गाड्याही रणांगणावर पोचतील याची शाश्वती नव्हती. इवोजिमा बेटावर निघालेल्या सव्विसाव्या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख होते बॅरन निशी ताकेइची. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये उरानुस नावाच्या घोड्यावर बसून सुवर्णपदक मिळविणारे हेच ते स्वार. घोडदळ मोडले आणि हा स्वार रणगाड्यात बसला. १८ जुलै १९४४ रोजी अमेरिकन पाणबुडीने त्यांचे जहाज बुडविले. माणसे बहुतेक वाचली, अठ्ठावीस रणगाडे समुद्राच्या तळाशी गेले. निशींनी टोकियोत जाऊन पुन्हा वीस-बावीस रणगाडे मिळविले, इवोजिमाच्या राखाडी वाळूत ते पुरून त्यांच्या स्थिर तोफा केल्या, आणि मार्च १९४५ मध्ये तेथेच मृत्यू स्वीकारला.

रणगाडा जमिनीत पुरणे हा त्या वर्षी नियमच होऊन बसला. लुझॉनवर जानेवारी १९४५ मध्ये जपानची दुसरी रणगाडा डिव्हिजन अमेरिकनांसमोर उभी ठाकली. दोनशेहून अधिक रणगाडे, आणि बरोबर 'हो-नी' व 'हो-रो' या तोफगाड्या. आकाश सर्वस्वी अमेरिकन विमानांचे होते; दिवसा रस्त्यावर हलणे म्हणजे मरण. तेव्हा सान मानुएल, मुन्योस अशा गावांच्या कडेला, आंब्यांच्या झाडांखाली, रणगाडे घुमटापर्यंत पुरण्यात आले. जे शस्त्र चालण्यासाठी जन्मले ते चालायचे थांबले. गावे एकेक करून पडली. सान मानुएलच्या शेवटच्या रात्री उरलेले रणगाडे खड्ड्यांतून निघाले आणि शत्रूवर चालून जाऊन संपले. मार्चच्या आरंभापर्यंत डिव्हिजनचे दोनशेहून अधिक रणगाडे नष्ट झाले होते. या साऱ्या सैन्याचा सेनापती कोण होता? जनरल यामाशिता. यांत्रिक सैन्य उभारल्यावाचून मोठ्या युद्धात पडू नये, असे ज्यांनी १९४१ साली लिहून दिले, त्यांनाच चार वर्षांनी रणगाडे मातीत पुरण्याचे हुकूम द्यावे लागले.

मग तोफांची जागा कोणी घ्यायची? ती माणसांनी घेतली. फिलिपाइन्समध्ये आणि ओकिनावावर जपानी पायदळाला एक नवे शस्त्र देण्यात आले. लांब काठी, तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा सुरुंग, त्याला तीन खिळे. सैनिकाने धावत जाऊन ती काठी भाल्यासारखी रणगाड्याच्या अंगात खुपसायची. सुरुंग उडायचा, आणि त्याबरोबर सैनिकही. हे शस्त्र बनविण्यास पोलाद जवळजवळ लागत नव्हते. या काठ्या पाहिल्या की मघाचे सारे आकडे, म्हणजे गोळ्याचा वेग, पत्र्याची जाडी, पोलादाचे टन, निराळ्या अर्थाने वाचावे लागतात. कारखान्याने जे दिले नाही ते सैनिकाच्या देहाकडून वसूल करण्यात आले.

अखेरच्या वर्षात आराखड्यांना मात्र तोटा नव्हता. शंभर मिलिमीटरांहून मोठी तोफ असलेली अवजड 'हो-री', लहान रणगाड्याच्या गाडीवरची 'हो-रू', लांब नळीची पंचाहत्तर मिलिमीटर तोफ वाहणारी 'ना-तो'. 'ना-तो'चे दोन नमुने पुरे झाले. 'हो-री' पुरी झालीच नाही. त्यापूर्वी १९४३ साली जर्मनीचा एक टायगर रणगाडा जपानने पैसे मोजून विकतही घेतला होता; तो जपानला कधी पोचला नाही. 'ची-नु' हा बरा रणगाडा दीडशेच्या आसपास झाला, पण सारे मायदेशाच्या अखेरच्या लढाईसाठी राखून ठेवले. ती लढाई झाली नाही. त्यांतला एक आजही तोकियोजवळ त्सुचिउरा येथे लष्करी संस्थेच्या आवारात उभा आहे.

त्या राखून ठेवलेल्या दलात बावीस वर्षांचा एक तरुण अधिकारी होता. पुढे शिबा र्योतारो या नावाने तो जपानचा अत्यंत लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीकार झाला. १९९६ साली तो निवर्तला. त्याने नंतर लिहून ठेवलेल्या दोन आठवणी सांगून मी थांबतो. पहिली अशी: जुन्या रणगाड्याचे पोलाद कानशीने घासले तर कानस घसरून जाई, नव्या रणगाड्याचा पत्रा घासून पाहिला तर त्यावर ओरखडा उठला. पत्रा जाड होता, पण कसाचे पोलाद उरले नव्हते. दुसरी आठवण अधिक भीषण आहे. शत्रू किनाऱ्यावर उतरला म्हणजे टोकियोचे नागरिक डोक्यावर बोचकी घेऊन उलट दिशेने पळत येतील, मग एवढ्या अरुंद रस्त्यावरून आमचे रणगाडे पुढे कसे जायचे, असे वरून आलेल्या एका अधिकाऱ्याला विचारण्यात आले. त्यांना चिरडून पुढे जा, असे उत्तर मिळाले, असे शिबा सांगत. त्यांच्या काही सहकाऱ्यांना हे उत्तर आठवत नव्हते. त्यामुळे ते शब्दशः घडले की नाही, यावर वाद आहे. पण आपला देश असा का झाला, हा प्रश्न त्या दिवसांत त्यांच्या मनात उभा राहिला, आणि आपण लिहिले ते त्या बावीस वर्षांच्या स्वतःला धाडलेल्या पत्रांसारखे, असे ते म्हणत. याविषयी वाद नाही.

जपानी अभियंते अडाणी नव्हते, सैनिक भित्रे नव्हते, आणि धोक्याची सूचनाही उशिरा मिळाली नव्हती. सूचना १९३९ साली मिळाली; उपाय १९४१ साली तयार झाला. मधल्या टप्प्यावर, म्हणजे अहवाल वाचणे, कोणाचे काम ते ठरविणे आणि कशाला आधी पोलाद द्यायचे ते नक्की करणे या साध्या, निरस टप्प्यावर तो अडकला. विजय मिळत होता तोवर कोणाला घाई नव्हती. पराभव दिसू लागला तेव्हा वेळ नव्हता. एखादा कागद टेबलावर पडून राहिला तर त्याची किंमत टेबलाशी बसलेल्या माणसाला बहुधा द्यावी लागत नाही. ती दूर कोठे तरी, सान मानुएलच्या आंब्याखाली किंवा नुंगशिगुमच्या धारेवर, ज्याने तो कागद कधी पाहिलाही नाही अशा माणसाला द्यावी लागते. या उशिरा आलेल्या तोफांपासून घेण्यासारखे एवढेच आहे, आणि ते कमी नाही.